फँटसी बेसबॉलमधील विभागीय शर्यत

फँटसी बेसबॉलमधील विभागीय शर्यत म्हणजे फँटसी बेसबॉलच्या एखाद्या लीगमध्ये एकाच विभागात घातलेल्या संघांची, विभागाच्या अग्रस्थानासाठी हंगामभर चालणारी चढाओढ होय. विभागात पहिला येणारा संघ बहुतेक लीगमध्ये बाद फेरीसाठी आपोआप पात्र ठरतो. हंगामाच्या मध्यास, म्हणजे साधारणतः जूनअखेर ते जुलैचा मध्य या काळात, या शर्यतीचा आढावा घेण्याची प्रथा आहे आणि त्या आढाव्यावरून संघमालक उरलेल्या हंगामाचे धोरण ठरवतात. तथापि मध्यहंगामाच्या गुणतक्त्यात संघाची ताकद, सामन्यांचा क्रम आणि निव्वळ नशीब या तिन्हींचे मिश्रण असते. ते वेगळे करून पाहिल्याखेरीज तक्त्याचा अर्थ नीट लागत नाही.

खेळाचे स्वरूप

फँटसी बेसबॉल हा मैदानावर खेळला जाणारा खेळ नव्हे. मेजर लीग बेसबॉल या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धेतील खऱ्या खेळाडूंमधून दहा-बारा जण आपापले काल्पनिक संघ निवडतात. त्या खेळाडूंनी प्रत्यक्ष सामन्यांत केलेल्या कामगिरीच्या आकड्यांवरून या काल्पनिक संघांचे गुण ठरतात. एक खेळाडू लीगमधील एकाच संघाकडे असू शकतो, ही त्यातील कळीची अट आहे. निवड पाळीपाळीने होते किंवा लिलावाने. लिलावाच्या प्रचलित पद्धतीत प्रत्येक मालकास २६० काल्पनिक डॉलर मिळतात व त्यांतून २३ खेळाडू घ्यावे लागतात. हंगामात खेळाडूंची अदलाबदल करता येते. कोणाकडेही नसलेला खेळाडू मोकळ्या यादीतून उचलताही येतो.

भारतात ‘फँटसी’ हा शब्द मुख्यतः क्रिकेटमुळे परिचित झाला. मुंबईत २००८ मध्ये सुरू झालेल्या ड्रीम११सारख्या सेवांमध्ये एका सामन्यापुरता संघ निवडला जाई आणि एकच खेळाडू लाखो जणांच्या संघात असू शके. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या अशा ऑनलाइन स्पर्धांवर संसदेने २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने बंदी आणली. हंगामी फँटसी बेसबॉलची जातकुळी निराळी आहे. वसंतात निवडलेला संघ सप्टेंबरपर्यंत सांभाळावा लागतो, जखमी खेळाडूंची सोय लावावी लागते आणि समोर अनोळखी गर्दी नसून ठरावीक, बहुधा ओळखीचे प्रतिस्पर्धी असतात. ‘विभाग’, ‘पिछाडी’, ‘मध्यहंगाम’ या संज्ञांना अर्थ येतो तो या दीर्घ मुदतीमुळेच.

उगम

समाजशास्त्रज्ञ विल्यम गॅमसन यांनी १९६० मध्ये हार्वर्ड विद्यापीठात सहकाऱ्यांसमवेत ‘बेसबॉल सेमिनार’ नावाचा खेळ सुरू केला. खऱ्या खेळाडूंवर बोली लावून हंगामाअखेर त्यांचे आकडे मोजणे, एवढेच त्याचे स्वरूप होते. पुढे गॅमसन मिशिगन विद्यापीठात गेले. तेथील रॉबर्ट स्क्लार या अध्यापकाकडून ही कल्पना डॅनियल ओक्रेंट या विद्यार्थ्याच्या कानी पडली. ओक्रेंट पुढे संपादक व लेखक झाले. त्यांनी या कल्पनेला नियमांची चौकट दिली आणि १९८० च्या हंगामात मित्रांसह पहिली ‘रोटिसरी लीग’ भरवली. ज्या उपाहारगृहात ही मंडळी जेवणास जमत, त्या न्यूयॉर्कमधील ‘ला रोटिसरी फ्रांसेज’वरून हे नाव पडले. विजेत्याच्या डोक्यावर यू-हू हे चॉकलेटचे पेय ओतण्याचा तेथे रिवाज होता. ज्यांनी ही लीग काढली त्या ओक्रेंट यांच्यावर मात्र तो अभिषेक कधी झाला नाही. आपल्याच लीगचे विजेतेपद त्यांना मिळाले नाही.

मूळ रोटिसरी लीगमध्ये विभाग नव्हते आणि आठवड्याचे सामनेही नव्हते. सर्व संघांची एकच रांग असे. गणकयंत्रे व पुढे इंटरनेट आल्यावर आकडे रोजच्या रोज मिळू लागले आणि दर आठवड्यास दोन संघांची गाठ घालणारी आमनेसामने पद्धत रुळली. विभाग आले ते या पद्धतीबरोबर, प्रत्यक्ष बेसबॉलचे अनुकरण म्हणून.

विभागांची रचना

मेजर लीग बेसबॉलमध्ये नॅशनल लीग व अमेरिकन लीग यांचे प्रत्येकी दोन विभाग १९६९ मध्ये करण्यात आले. १९९४ पासून ते प्रत्येकी तीन झाले. विभाग पूर्व, मध्य व पश्चिम अशा भौगोलिक नावांचे असले, तरी भूगोल नेहमीच पाळला गेला असे नाही. अटलांटा हे शहर अमेरिकेच्या आग्नेय भागात असूनही तेथील संघ १९९३ पर्यंत पश्चिम विभागात खेळत होता.

फँटसी लीगमध्ये तर भूगोलाचा प्रश्नच नसतो. विभाग चिठ्ठ्या टाकून, मागील वर्षीच्या क्रमानुसार किंवा केवळ जुन्या वैरांचा मान राखून पाडले जातात. बारा संघांच्या लीगमध्ये चार-चार संघांचे तीन विभाग ही सोयीची रचना होय. नियमित हंगाम २१ आठवड्यांचा धरल्यास विभागातील तिघांशी प्रत्येकी तीन सामने होतात आणि उरलेल्या बारा आठवड्यांत इतर आठ संघांशी एकदा किंवा दोनदा गाठ पडते. म्हणजे जवळजवळ निम्मे भवितव्य केवळ तीन प्रतिस्पर्ध्यांच्या हाती असते. ज्याच्या वाट्यास दुबळा विभाग आला, त्याचा मार्ग सोपा होतो. तीन बलाढ्य संघांच्या सोबतीने ज्याची चिठ्ठी निघाली, त्यास तेवढीच ताकद असूनही तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागते. यावर उतारा म्हणून विभागविजेत्यांखेरीज उत्तम कामगिरीच्या एक-दोन संघांना ‘वाइल्ड कार्ड’ या नावाने बाद फेरीत घेतात. मेजर लीगमध्ये हा मार्ग प्रथम १९९५ च्या बाद फेरीत वापरला गेला.

त्याची गरज का भासली, हे १९९३ च्या हंगामावरून कळते. त्या वर्षी नॅशनल लीगच्या पश्चिम विभागात सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने १६२ पैकी १०३ सामने जिंकले आणि तरीही तो संघ बाद फेरीस मुकला, कारण अटलांटा ब्रेव्ह्जने १०४ जिंकले होते. उलट २००५ मध्ये सॅन डिएगो पाड्रेस अवघ्या ८२ विजयांवर त्याच पश्चिम विभागाचा विजेता ठरला, तर पूर्व विभागातील फिलाडेल्फिया फिलीज ८८ विजय मिळवूनही बाहेर राहिला. वाइल्ड कार्ड असतानाही अन्याय पुरता टळत नाही. २०२१ मध्ये जायंट्सचे १०७ व लॉस एंजेलिस डॉजर्सचे १०६ विजय झाले. एका विजयाच्या फरकामुळे डॉजर्सना एकाच सामन्यावर सर्वस्व पणाला लावावे लागले. तो त्यांनी जिंकला आणि पुढच्या फेरीत जायंट्सनाही हरवले.

मध्यहंगामाचा काळ

मेजर लीगच्या संघाचे १६२ सामने असतात. ८१ वा सामना जूनच्या अखेरीस येतो. लोकव्यवहारात मात्र जुलैच्या मध्यास होणारा ऑल-स्टार सामना हाच मध्य मानतात. तोवर प्रत्येक संघाचे नव्वदच्या आसपास सामने झालेले असतात, म्हणजे गणिताने मध्य मागे पडलेला असतो. फँटसी लीगमध्ये बाद फेरी सप्टेंबरातच उरकावी लागत असल्याने नियमित हंगाम त्याआधी संपतो. तेथे ऑल-स्टार सामन्याच्या वेळी निम्म्याहून बराच अधिक प्रवास झालेला असतो. ‘अजून अर्धा हंगाम बाकी आहे’ अशा समजुतीत राहणाऱ्या मालकाची येथे फसगत होते.

४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, जो अग्रस्थानी तोच अखेर विजेता, असा एक जुना ठोकताळा अमेरिकेत प्रचलित होता. १९१४ मध्ये बोस्टन ब्रेव्ह्ज त्या दिवशी नॅशनल लीगमध्ये तळाशी, १५ सामने मागे होता. त्याच संघाने लीग जिंकली आणि अंतिम वर्ल्ड सिरीजही सरळ चार सामन्यांत जिंकली.

पिछाडीची मोजणी

दोन संघांमधील अंतर ‘सामन्यांची पिछाडी’ या मापाने सांगतात. विजयांतील फरक व पराभवांतील फरक यांची बेरीज करून तिची निमपट केली की पिछाडी मिळते. उदाहरणादाखल, दहा आठवड्यांनंतर ‘अ’ संघाचे ७ विजय व ३ पराभव आणि ‘ब’ संघाचे ५ विजय व ५ पराभव असतील, तर फरक अनुक्रमे २ व २, बेरीज ४ आणि पिछाडी २ सामन्यांची. प्रत्यक्ष बेसबॉलमध्ये संघांचे खेळलेले सामने सारखे नसल्याने अर्ध्या सामन्याची पिछाडीही दिसते.

पुढे असलेल्या संघाच्या बाजूने हीच गोष्ट ‘जादुई अंका’ने सांगितली जाते. एकूण सामन्यांत एक मिळवून त्यातून पहिल्याचे विजय व दुसऱ्याचे पराभव वजा करायचे. वरील उदाहरणात हंगाम २१ आठवड्यांचा असल्यास २२ मधून ७ व ५ वजा जाता १० उरतात. ‘अ’चे पुढील विजय आणि ‘ब’चे पुढील पराभव मिळून दहा झाले, की ‘ब’ला ‘अ’ची बरोबरी करणे अशक्य होते. उरलेले आठवडे अकराच असताना जादुई अंक दहा असणे, याचा अर्थ शर्यत अजून जवळजवळ पूर्ण शिल्लक आहे.

गुणतक्ता आणि नशीब

आमनेसामने पद्धतीत एक विचित्र गोष्ट वारंवार घडते. एखादा संघ आठवड्यात लीगमधील दुसऱ्या क्रमांकाचे गुण मिळवतो, पण त्याच आठवड्यात त्याची गाठ पहिल्या क्रमांकाच्या संघाशी असल्याने त्याच्या नावावर पराभव लागतो. दुसरीकडे खालून दुसरा असलेला संघ तळाच्या संघावर विजय मिळवतो. बेसबॉलमध्ये बचाव म्हणून काही तरी असते. प्रतिस्पर्ध्याच्या धावा रोखता येतात. फँटसीत प्रतिस्पर्ध्याचे गुण रोखण्याचे कोणतेही साधन मालकाच्या हाती नसते, त्यामुळे समोर कोण आला हा शुद्ध योगायोग ठरतो.

हा योगायोग बाजूला काढण्यासाठी ‘सर्वांशी तुलना’ ही युक्ती वापरतात. दर आठवड्यास प्रत्येक संघाचे गुण उरलेल्या अकराही संघांशी ताडून पाहावयाचे आणि तो आठवडा सर्वांशी खेळला असता तर किती विजय मिळाले असते, हे मोजायचे. दहा आठवड्यांत अशा ११० तुलना होतात. वरील उदाहरणातील ‘अ’ संघाने त्यांपैकी ५८ व ‘ब’ संघाने ७७ जिंकल्या आहेत, असे समजू. म्हणजे ‘अ’चे खरे प्रमाण सुमारे ०.५२७ व ‘ब’चे ०.७०० आहे. दहा आठवड्यांत ‘अ’ला पाचच्या जरा वर व ‘ब’ला सात विजय मिळणे रास्त होते, प्रत्यक्षात नेमके उलट झाले.

यावरून ‘नशीब आता फिरेल’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तो चुकीचा आहे. दैवाने मागचे कर्ज फेडावे असा काही नियम नाही. उरलेल्या अकरा आठवड्यांत दोघेही आपापल्या प्रमाणानुसार खेळले, तर ‘अ’ सुमारे १२.८ विजयांवर व ‘ब’ सुमारे १२.७ विजयांवर पोहोचेल. म्हणजे ‘ब’ अधिक चांगला संघ असूनही दोन सामन्यांची गमावलेली जमीन त्याला जेमतेम भरून काढता येईल. शर्यत समसमान आहे, हा याचा खरा अर्थ. तक्ता मात्र ती ‘अ’ने जवळजवळ जिंकली असल्याचे भासवतो. शिवाय दहा आठवड्यांचे ०.७०० हे प्रमाणही पूर्णतः भरवशाचे नसते. त्यातही जखमा न होण्याचा किंवा एखाद्या खेळाडूच्या बहराचा वाटा असतो आणि पुढे ते थोडे खाली येण्याचीच शक्यता अधिक असते.

दहा आठवडे हा नमुना किती तोकडा आहे, हे नाणेफेकीच्या हिशेबाने पाहता येते. बाराही संघ तंतोतंत सारख्या ताकदीचे असले आणि प्रत्येक सामना नाणेफेकीने ठरला, तरी एखाद्या संघाला दहांपैकी सात किंवा अधिक विजय मिळण्याची शक्यता १०२४ मध्ये १७६, म्हणजे सुमारे १७ टक्के असते. बारा संघांत असे दोन संघ सरासरीने निघणारच. त्या दोघांचे मालक आपल्या निवडकौशल्याची कहाणी सांगू लागतात, हा मनुष्यस्वभाव होय.

प्रत्यक्ष बेसबॉलच्या अभ्यासात बिल जेम्स यांनी याच जातीचे सूत्र मांडले. केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज, हे विजयांचे अपेक्षित प्रमाण मानले जाते. ४०० धावा करून ३६० देणाऱ्या संघाचे प्रमाण या हिशेबाने सुमारे ०.५५२ येते; ८१ सामन्यांत त्याचे विजय ४५ च्या आसपास असावेत. प्रत्यक्षात ५० असतील, तर त्या संघाने दुसऱ्या अर्धात थोडे जपून राहावे.

रोटिसरी पद्धतीतील मध्यहंगाम

रोटिसरी पद्धतीत विभागांना फारसा अर्थ उरत नाही. तेथे फलंदाजीची सरासरी, होम रन, चोरलेले बेस, पिचरचे विजय अशा प्रत्येक प्रकारात संघांचा क्रम लावतात आणि बारा संघांत पहिल्यास १२, शेवटच्यास १ असे गुण देतात. मूळचे आठ प्रकार पुढे बहुतेक ठिकाणी दहा झाले. येथे मध्यहंगामाचे वाचन वेगळे असते. होम रन किंवा चोरलेले बेस ही नुसती मोजणी असते. गर्दीच्या ठिकाणी दहा-बारा बेस अधिक चोरले की तीन-चार गुण हाती लागू शकतात. सरासरीचे तसे नाही. बेसबॉलमधील सरासरी म्हणजे क्रिकेटप्रमाणे बाद होण्यामागील धावा नव्हेत, तर फलंदाजीच्या दर संधीमागील यशस्वी फटके होत. ३,५०० संधींनंतर संघाची सरासरी ०.२६० असेल आणि ७,००० संधींअखेर ती ०.२७० करावयाची असेल, तर उरलेल्या अर्धात सर्व फलंदाजांनी मिळून ०.२८० ने खेळावे लागते. हे सहसा साधत नाही. म्हणून अनुभवी मालक जुलैत सरासरीचा नाद सोडून मोजणीच्या प्रकारांकडे वळतात.

खरेदी की विक्री

मध्यहंगामाच्या आढाव्यातून एक निर्णय घ्यावाच लागतो. या वर्षीच्या विजयासाठी आजचे चांगले खेळाडू मिळवायचे, की हे वर्ष सोडून पुढील वर्षांची बेगमी करायची? मेजर लीगमध्ये अदलाबदलीची मुदत जुलैच्या अखेरीस संपते आणि तोवर प्रत्येक संघास आपण कोणत्या बाजूचे हे ठरवावे लागते.

अटलांटा ब्रेव्ह्जचा २०२१ चा निर्णय या संदर्भात वारंवार सांगितला जातो. ऑल-स्टार सामन्याच्या वेळी हा संघ ४४ विजय व ४५ पराभवांवर, न्यूयॉर्क मेट्सच्या चार सामने मागे होता. रोनाल्ड अकुन्या हा त्यांचा सर्वोत्तम खेळाडू गुडघ्याच्या दुखापतीने नुकताच हंगामाबाहेर गेला होता. तक्त्यावर विसंबून संघ विकायला काढला असता, तर कोणी दोष दिला नसता. व्यवस्थापनाने मेट्सची आघाडी भक्कम नाही हे ओळखले आणि जॉक पीडरसन, हॉर्हे सोलेर, एडी रोसारियो व अ‍ॅडम डुव्हॉल हे चार फलंदाज जुलैत मिळवले. ब्रेव्ह्जने ८८ विजयांसह पूर्व विभाग जिंकला, मेट्स ७७ विजयांवर घसरला, आणि सोलेर वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९७८ चे न्यूयॉर्क यँकीज तर १९ जुलैला बोस्टन रेड सॉक्सच्या १४ सामने मागे होते. हंगामाअखेर दोघांचेही ९९ विजय झाले आणि जादा सामना यँकीजने ५–४ असा जिंकला. अशी उदाहरणे ध्यानात राहतात ती दुर्मीळ असल्यामुळे. चौदा सामने मागे असलेले बहुतेक संघ मागेच राहतात.

फँटसीत हा निर्णय सर्वांत अवघड होतो तो काही खेळाडू पुढील वर्षासाठी राखता येणाऱ्या लीगमध्ये. मागे पडलेला मालक आपले नामांकित खेळाडू आघाडीवरील एखाद्यास देतो व बदल्यात तरुण, स्वस्त खेळाडू घेतो. दोघांचाही लाभ होतो, पण त्याच विभागातील तिसऱ्या मालकाची चार महिन्यांची मेहनत एका संध्याकाळी निष्फळ ठरते. याहून वाईट म्हणजे काही मालक हताश होऊन संघाकडे पाहणेच सोडतात. त्यांच्या यादीत जखमी खेळाडू तसेच पडून राहतात आणि त्यांच्याशी ज्यांचे सामने ऑगस्टात आहेत, त्यांना आयते विजय मिळतात. एप्रिलमध्ये त्याच संघाशी कसोशीने लढून हरलेल्यास त्याची भरपाई मिळत नाही. यावर निरनिराळे उपाय योजले जातात. अदलाबदलीस मुदत घालणे, तळाच्या संघास पुढील निवडीत दंड करणे, किंवा बाद फेरीची शेवटची जागा विजयांऐवजी हंगामातील एकूण गुणांवर देणे हे त्यांपैकी काही होत. शेवटचा उपाय विशेष परिणामकारक मानावा लागेल, कारण त्यामुळे ‘ब’सारख्या संघास गुणतक्त्यातील दुर्दैवावर मात करण्याची वाट मोकळी राहते आणि मागे पडलेल्यासही दर आठवड्यास खेळाडू बदलण्याचे कारण उरते.

दोन अर्धांचे स्वतंत्र विजेते काढण्याचा प्रयोग काही लीग करतात. मेजर लीगमध्ये तो १९८१ मध्ये नाइलाजाने झाला. खेळाडूंच्या संपामुळे जून ते ऑगस्ट या काळात सामने बंद पडले, तेव्हा संपापूर्वीचे व नंतरचे विभागविजेते वेगळे धरण्यात आले. पूर्ण वर्षात सर्व संघांत सर्वाधिक विजय मिळवणारा सिनसिनाटी रेड्स (६६ विजय, ४२ पराभव) दोन्ही अर्धांत दुसरा राहिल्याने बाद फेरीत आलाच नाही.